देवाची इच्छा आणि आपल्या सबबी

गेल्या हिवाळ्यात प्रकृतीच्या कारणास्तव आम्हांला चार दिवस सक्तीची विश्रांती घ्यावी लागली आणि ती आम्ही गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर येथे, एका जुन्या कॉलेजमित्राच्या घरी घेतली. नारळी-पोफळीची वाडी, चंद्रकोरीसारखा वळलेला किनारा आणि किनाऱ्यालगतच महादेवाचे देऊळ. मित्र निवृत्त शिक्षक, श्रद्धाळू हिंदू आणि बोलण्यात मिस्कील. पहिल्याच संध्याकाळी त्याने गावाच्या नावाची कथा सांगितली. भक्ताच्या नवसाला पावताना जो वेळ लावत नाही तो वेळणेश्वर, अशी लोकांची समजूत आहे. (संस्कृतात 'वेला' म्हणजे काळ, तसाच समुद्राचा काठ आणि भरतीही, व्युत्पत्तीचा वाद आम्ही पंडितांवर सोपवतो.) कथा सांगून झाल्यावर मित्राने विचारले, "काय फादर, आमचा देव वेळ लावत नाही. तुमचा किती लावतो?"

आम्ही तेव्हा हसून तो प्रश्न टाळला. परंतु रात्री भरतीचा आवाज ऐकत पडलो असता तो पुन्हा पुन्हा समोर येऊन उभा राहू लागला. मित्राला द्यावयाचे प्रामाणिक उत्तर असे होते : बाबा रे, आमच्या भाविकांनाही वेळ न लावणाराच देव हवा असतो. आणि आमचा देव वेळ लावू लागला, की आमची मंडळी मागणी गुंडाळून ठेवतात आणि एक वाक्य उच्चारून मोकळी होतात, 'देवाची इच्छा!'

ह्या एका वाक्याविषयी आज आम्हांला वाचकांशी भांडावयाचे आहे. भांडण आधी स्वतःशीच आहे, हे पुढे दिसेल.

मागणे मागण्यास आमची हरकत नाही, हे प्रथमच सांगून टाकतो. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना चालते. तेथे सर्व धर्मांची माणसे रांगेत उभी राहतात. कोणाच्या हातात मेणाचे घर, कोणाच्या हातात मेणाचे बाळ. लहानपणी आम्हीही आईचे बोट धरून त्या रांगेत उभे राहिलो आहोत आणि त्या रांगेची थट्टा करणाऱ्यांना आम्ही कधी जवळ केले नाही. प्रभू येशूने स्वतः शिष्यांना रोजची भाकर मागावयास शिकवले. मात्र त्याच प्रार्थनेत भाकरीच्या आधी त्याने पित्याची इच्छा ठेवली आहे, आणि तो क्रम आपण घरोघर उलटा करून टाकला आहे. आपली विनंती हळूहळू अर्ज होते, अर्जाचे स्मरणपत्र होते आणि अखेरीस स्मरणपत्राची नोटीस होते. नऊ बुधवार झाले, अजून मुलीचे लग्न का जमत नाही, असे आम्हांला विचारणारे पालक आम्हांला भेटले आहेत. त्यांच्या सुरात गाऱ्हाणे कमी आणि ग्राहकाची तक्रार अधिक होती.

परंतु ह्या नोटिसा तशा निरुपद्रवी. खरी हानी दुसऱ्या टोकाला होते. ज्या ठिकाणी माणसाने काही करावयाचे असते त्या ठिकाणी तो हात जोडून 'देवाची इच्छा' म्हणतो आणि ह्या आळसाला, ह्या भित्रेपणाला 'समर्पण' असे पवित्र नाव देतो.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तेव्हाच्या धर्मग्रामात बावीस वर्षांचा एक तरुण होता. त्याला क्षय झाला. सरकारी दवाखान्यातून औषधे सुरू झाली. ती विनामूल्य मिळत होती. क्षयाच्या उपचारांचा क्रम निदान सहा महिन्यांचा असतो आणि त्यातली फसगत अशी, की दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते आणि रोगी बरा झाल्यासारखा दिसू लागतो. नेमक्या त्याच सुमारास घरची मंडळी त्याला दूरच्या एका आरोग्यदान-मेळाव्याला घेऊन गेली. तेथे त्याने व्यासपीठावरून साक्ष दिली. तेथेच कोणीतरी त्याला सांगितले, की प्रभूने बरे केल्यावरही गोळ्या घेत राहणे म्हणजे अविश्वास. परत आल्यावर त्याची आई आमच्याकडे आली आणि तिने सरळ विचारले, "फादर, गोळ्या बंद करू का?"

ह्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर होते. ते देण्याऐवजी आम्ही काय म्हणालो ते आम्हांला आजही शब्दशः आठवते. "प्रार्थना करत राहा, देवाच्या इच्छेप्रमाणे होईल." मेळाव्यात आमच्याच धर्मग्रामातील बरेच लोक गेले होते, त्यांचा उत्साह ताजा होता, आणि त्या उत्साहाला आडवे जाण्याचे धैर्य आमच्यात नव्हते. गोळ्या बंद झाल्या. काही महिन्यांनी रोग उलटला आणि आता नेहमीच्या औषधांना तो दाद देईना. पुढच्या पावसाळ्यात आम्ही त्या मुलाला मूठमाती दिली. अंत्यविधीच्या प्रवचनात आम्ही सांगितले, की देवाला आपल्या बागेसाठी सुंदर फुले हवी असतात. लोक रडले. प्रवचन चांगले झाले असे दोघातिघांनी येऊन सांगितलेही.

त्या दिवशी आम्ही वेदीवरून देवावर खोटा आळ घेतला. फुले खुडून नेणारा माळी त्याला ठरवले. आणि असे करताना आमच्या जिभेचे शिक्षण काही कमी झालेले नव्हते. सेमिनरीत ईश्वरविज्ञानाच्या तासाला आम्ही शिकलो होतो, की देवाने 'इच्छिणे' आणि देवाने 'होऊ देणे' ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथ स्पष्ट सांगतो, की नैतिक दुरिताचे कारण देव नसतो, प्रत्यक्ष नाही आणि अप्रत्यक्षही नाही. मानवाच्या स्वातंत्र्याचा मान राखून तो ते होऊ देतो आणि त्यातूनही भले घडवून आणण्याचे त्याला ठाऊक असते. परीक्षेत हे उत्तर आम्ही उत्तम लिहिले होते. शवपेटीजवळ मात्र ते आम्हांला आठवले नाही.

प्रभू येशूच्या तोंडी हे वाक्य शोधून पाहा. शुभवर्तमानांत आंधळे आहेत, कुष्ठरोगी आहेत, पक्षाघाती आहेत, बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली बाई आहे. त्यांतील एकालाही 'तुझा रोग ही पित्याची इच्छा आहे, तो सोसत बस,' असे प्रभूने सांगितलेले नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, तेव्हा त्यांच्या माथी पाप मारावयास निघालेल्या लोकांना त्याने अडवले. आणि जुन्या करारातील ईयोबाची कथा तर आम्हां प्रवचनकारांनी दरवर्षी एकदा गुडघे टेकून वाचावी अशी आहे. ईयोब देवाशी भांडतो, ओरडतो, खटला भरतो. त्याचे तीन मित्र मात्र देवाची बाजू घेऊन सुंदर सुंदर वाक्ये बोलतात. शेवटी देव कोपतो तो कोणावर? मित्रांवर. देवाविषयी ते योग्य बोलले नाहीत, ईयोब बोलला, असा निकाल खुद्द देव देतो. फुलांच्या बागेचे प्रवचन त्या तीन मित्रांच्याच परंपरेतील होते.

औषधाबद्दल बोलावयाचे तर बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय आपल्या बायबलमध्ये आहे. प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलमध्ये हा ग्रंथ सहसा नसतो, आपल्यात असतो, आणि तरीही आपण तो उघडत नाही, ही गंमतच म्हणावयाची. वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही देवानेच निर्माण केले आहे. औषधे देवाने भूमीतून उत्पन्न केली आहेत आणि शहाणा माणूस ती तुच्छ लेखत नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे त्या माऊलीच्या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्रात दोन हजार वर्षांहून अधिक काळ लिहून ठेवलेले होते. आम्ही ते तिला दिले नाही.

येथे काही वाचक म्हणतील, की फादर लोकांची श्रद्धा मोडत आहेत. डॉक्टर आणि शास्त्र यांच्याच हाती सर्व सोपवावयाचे तर देवाला काय उरते? हा आक्षेप आमच्या तोंडावरही घेतला गेला आहे. आमचे उत्तर वेळणेश्वरच्या किनाऱ्यावरून देतो. तेथे एका सकाळी जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध मच्छीमाराशी आमचे बोलणे झाले. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. ती त्याला घड्याळाशिवाय कळते. त्याच्या इच्छेने समुद्र हलत नाही, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. म्हणून तो काठावर हात बांधून बसतो का? नाही. तो वारा पाहतो, जाळे दुरुस्त करतो, ओहोटी कधी लागेल ते जोखतो, आणि पाणी सांगेल त्या घटकेला होडी लोटतो, मग ती पहाटेची असो की भर दुपारची. आमच्या किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ. त्या दोन महिन्यांत होडी वर ओढून ठेवावी लागते, पोटाला चिमटा बसला तरी. आपल्याहून मोठ्या इच्छेपुढे नमणे म्हणजे काय, ते आम्हांला त्या म्हाताऱ्याच्या हातांत दिसले. तो क्षणभरही रिकामा नव्हता. आणि वादळाची सूचना असताना दारू पिऊन होडी लोटणारा बुडाला, तर त्याला 'देवाची इच्छा' म्हणणे हे देवालाही मान्य नसेल आणि समुद्रालाही.

२२ जुलै २०२१ रोजी शेजारच्या चिपळूणमध्ये वाशिष्ठीचा पूर घुसला, तेव्हा 'देवाची करणी' हे शब्द पुष्कळांच्या तोंडी होते. पाऊस देवाचा होता हे खरे. नदीत साचलेला गाळ कोणाचा होता, नदीच्या पात्राजवळ घरे बांधावयास परवानगी कोणी दिली, हे प्रश्न मात्र माणसांना विचारावयाचे होते. त्या रात्री गळ्याइतक्या पाण्यात उतरून शेजाऱ्यांना बाहेर काढणारे तरुणही तेथे होते. देवाची इच्छा पाहावयाची असेल तर ती त्यांच्या दोरात पाहावी.

आता घरात येऊ. 'देवाची इच्छा' ह्या शब्दांचा सर्वांत क्रूर उपयोग आपल्या घरांत बायकांविरुद्ध होतो. नवरा पितो, मारतो, पगार उडवतो. बायको रडत मिशन-घराच्या पायरीवर येते, आणि तिला सांगितले जाते, की हा तुझा क्रूस आहे, तो वाहा. सासू सांगते, आई सांगते, आणि लिहिताना लाज वाटते, पण आम्ही धर्मगुरूही सांगत आलो. प्रभूने क्रूस उचलला तो स्वतःच्या इच्छेने. कोणी दुसऱ्याच्या पाठीवर मारून तो लादला तर त्याला क्रूस म्हणत नाहीत, अत्याचार म्हणतात. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतिसिया' ह्या प्रबोधनपत्रात असे लिहिले आहे, की दुबळ्या जोडीदाराला किंवा मुलांना हिंसेपासून वाचवण्यासाठी वेगळे राहणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यकही ठरते. हे पत्र किती धर्मग्रामांत वाचले गेले? विवाहपूर्व शिबिरांत आपण फुलांच्या सजावटीवर जेवढा वेळ बोलतो, तेवढा तरी ह्या एका वाक्यावर बोलावे.

दुसरा प्रकार मुलांच्या बाबतीत. मुलीला परिचारिकेच्या शिक्षणाला जावयाचे आहे आणि वडिलांनी मनात तिचे स्थळ नक्की केले आहे. मुलाला सेमिनरी सोडावयाची आहे आणि आईला 'लोक काय म्हणतील' ह्याची धास्ती आहे. दोन्ही घरांत रात्रीच्या जपमाळेनंतर 'देवाची इच्छा' ह्याच शब्दांत निकाल दिला जातो. आपली इच्छा देवाच्या पायांशी ठेवणे अवघड. ती देवाच्या तोंडी घालणे फार सोपे.

आणि आम्ही? काही वर्षांपूर्वी महागुरूंचे बदलीचे पत्र आले. आम्ही त्या धर्मग्रामात सहा वर्षे होतो, सभागृहाचे बांधकाम अर्धे झाले होते, मंडळी आमच्यावर खूश होती. आम्ही महागुरूंना तीन पानांचे उत्तर लिहिले. त्याची प्रत परवा कागदपत्रे आवरताना सापडली. तीन पानांत 'देवाची इच्छा' हे शब्द चार वेळा आले आहेत, आणि चारही ठिकाणी त्यांचा अर्थ 'आमची इच्छा' असाच आहे. ज्यांनी आयुष्यभर लोकांना आज्ञाधारकपणाचा उपदेश केला त्यांची ही तऱ्हा. अखेर आम्ही गेलो, पण कुरकुरत. सभागृह आमच्यामागून आलेल्या तरुण धर्मगुरूने पूर्ण केले. त्याने पावसाच्या पाण्याचा निचरा आमच्या आराखड्यापेक्षा कितीतरी चांगला साधला आहे. आमच्या आराखड्याप्रमाणे बांधले असते तर पहिल्याच मृगात व्यासपीठ गळले असते.

मग खरे समर्पण कसे असते? त्याची व्याख्या देण्यापेक्षा आम्हांला दोन माणसे दाखवावीशी वाटतात. वसईचा संत गोन्सालो गार्सिया आपण सर्वांना ठाऊक आहे. निदान त्याचा सण ठाऊक आहे. वडील पोर्तुगीज, आई इथली. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तेथील भाषा शिकला, धर्मशिक्षक म्हणून राबला. त्याला येशूसंघात प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही. आपल्यातील एखादा म्हणाला असता, 'देवाची इच्छा नाही,' आणि जन्मभर उसासे टाकत बसला असता. किंवा ख्रिस्तसभेवर रुसून बाहेर पडला असता. गोन्सालो व्यापारात शिरला, त्यात यशस्वी झाला, आणि तेथेही मन रमेना तेव्हा मनिलास जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. पुढे तो संघाच्या मंडळींबरोबर दुभाष्या म्हणून पुन्हा जपानला गेला. तरुणपणी शिकलेली ती भाषा अशी कामास आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ साली ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले. बंद झालेल्या दारासमोर तो बसून राहिला नाही आणि ते दार फोडावयासही धावला नाही. त्याच्या हुतात्म्याच्या मरणाइतकेच आम्हांला त्याचे हे मधले, नकारानंतरचे जगणे मोलाचे वाटते. मरणाचा प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांवर येणार नाही. नकाराचा रोज येतो.

दुसरे नाव आपल्या पंथाचे नव्हे. पण मराठी ख्रिस्ती माणूस ते विसरला तर कृतघ्न ठरेल. रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्याच रत्नागिरी जिल्ह्यात, करजगाव येथे, १८६१ साली जन्मले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, त्यांनी अमेरिकन मराठी मिशनच्या नोकरीचा त्याग केला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' ही कल्पना साकारू पाहिली. ह्या त्यागाचे वर्णन आपण भक्तिभावाने करतो, आणि ते योग्यच आहे. पण आमच्या मते समर्पणाची अधिक कठीण कसोटी लागली ती लक्ष्मीबाईंची. टिळकांचे पाऊल त्यांनी स्वतः निवडलेले होते. लक्ष्मीबाईंवर ते वीज पडावी तसे येऊन पडले. नवऱ्याने धर्म बदलला, संसार मोडला, माहेर-सासरचे लोक भोवती उसासत राहिले. सोवळ्याओवळ्याचा पगडा तर त्यांच्यावर भलताच घट्ट होता. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला दिसते, की त्यांनी कोठेही 'देवाची इच्छा' म्हणून दुःखावर झाकण घातले नाही. त्या रडल्या, चिडल्या, नवऱ्याशी भांडल्या, आणि त्या सगळ्याकडे पाहून हसल्याही. टिळकांनी दीक्षेसाठी त्यांच्यावर सक्ती केली नाही. सोवळे एकेक करून गळत गेले, आणि पाच वर्षांनंतर, १९०० साली, त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक गेले. त्यांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' शाळेचे तोंड फारसे न पाहिलेल्या ह्या बाईने पुढे नेऊन पुरे केले. दुसऱ्याची इच्छा मोडून ती देवाला वाहता येत नाही, हे ज्यांना समजून घ्यावयाचे आहे त्यांनी ती पाच वर्षे पाहावीत.

ह्या दोघांतही वेळ लागलेला आहे, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. गेथशेमानेच्या बागेतही वेळ लागला. प्याला टळावा म्हणून प्रभूने विनवले ते एकदा नव्हे, तीनदा. घाम गाळून, झोपलेल्या शिष्यांना पुन्हा पुन्हा उठवून. पवित्र मरियेनेही देवदूताला होकार देण्याआधी 'हे कसे होईल' असे विचारले आणि त्या प्रश्नाबद्दल तिला कोणी दटावले नाही. संत इग्नाशियसविषयी असे सांगतात, की आपला संघ उद्या विसर्जित झाला तरी मन शांत करावयास मला पाव तासाची प्रार्थना पुरेल, असे ते म्हणत. पाव तास! इग्नाशियससारख्यालाही पाव तास हवा होता. आपण मात्र अंत्ययात्रेत, दवाखान्याच्या जिन्यावर, पोलीस चौकीच्या बाकावर अर्ध्या सेकंदात देवाची इच्छा ओळखून जाहीर करतो. एवढ्या घाईने जे जाहीर होते ते समर्पण नसते. ते पळ काढणे असते.

रोजच्या जगण्यात ह्याचे रूप फार साधे आहे. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ भावाबरोबर बांधाच्या सव्वा हात जमिनीसाठी अकरा वर्षे कोर्टात जात होते. एका उपवासकाळात त्यांनी दावा काढून घेतला. कोणाला सांगितले नाही, साक्ष दिली नाही. आम्हांला ते त्यांच्या भावाकडून कळले. एका घरी सून पाच वर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सर्व करते. तिला आम्ही 'हा तुझा क्रूस' असे म्हणालो नाही, कारण आता आमची जीभ थोडी शहाणी झाली आहे. आम्ही तिच्या नवऱ्याला बोलावून विचारले, की आईला रात्री कूस बदलून देण्याची पाळी तुझी कोणत्या वारी असते. त्याचा चेहरा पडला. पुढच्या आठवड्यापासून मंगळवार आणि शुक्रवार त्याने घेतले आहेत, असे ऐकतो. देवाची इच्छा त्या घरात शिरली ती बहुधा त्या मंगळवारी.

वेळणेश्वरहून निघताना मित्राला आम्ही म्हणालो, की तुझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले : आमचा देव वेळ लावतो, कारण आम्ही लावतो. तो म्हणाला, "मग आमच्याही देवाचे तसेच असेल. पण हे देवळाबाहेर सांगू नकोस, नारळवाल्यांचे नुकसान होईल."

परत आल्यावर आम्ही प्रथम त्या माऊलीकडे गेलो. ती आता दुसऱ्या गावी, धाकट्या मुलाकडे राहते. चौदा-पंधरा वर्षांत आम्ही तिच्याकडे सणासुदीला गेलो होतो, पण ती गोष्ट काढली नव्हती. ह्या वेळी काढली. गोळ्या बंद करू नका, असे आम्ही सांगावयास हवे होते. आम्ही ते सांगितले नाही. आणि त्याच्या मरणाला आम्ही प्रवचनात देवाची इच्छा म्हणालो ते खोटे होते, असे आम्ही म्हणालो. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला ठाऊक होतं फादर. मीसुद्धा तेच म्हणत होते ना, इतकी वर्षं. नाहीतर कोणाला बोल लावायचा? तुम्हांला? स्वतःला?"

तिने उठून चहा टाकला. चहा देताना ती म्हणाली, की धाकट्याला पंधरा दिवस खोकला आहे, तो ऐकत नाही, बिडीचा खोकला म्हणतो. "उद्या त्याला सरकारी दवाखान्यात न्यायचं आहे. तुम्ही असलात तर तो येईल. येता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळची मिस्सा आम्ही पावणेसहाला केली आणि सात वाजताची एस. टी. पकडली.